आर-वर्ग ०.०९ आला म्हणून स्कॅटर प्लॉट फेकून देऊ नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एम.ए. भूगोलाच्या प्रबंधासाठी तुम्ही कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या तालुक्यांची समुद्रसपाटीपासूनची उंची आणि वार्षिक सरासरी पाऊस यांचा स्कॅटर प्लॉट काढला, म्हणजे दर तालुक्याला एक ठिपका. उंची वाढते तसा पाऊस वाढतो, हे दाखवायचं होतं. एक्सेलमध्ये ट्रेंडलाइन (ठिपक्यांमधून जाणारी सरळ रेघ) टाकल्यावर आर-वर्ग, म्हणजे ठिपके त्या रेघेला किती जुळतात ते ० ते १ मध्ये सांगणारा आकडा, आला ०.०९. मार्गदर्शक म्हणाले, "संबंधच नाही, आलेख काढून टाका, त्याऐवजी स्तंभालेख घाला." आता खरंच काढून टाकायचा का, असं तुम्ही विचारताय.

काढू नका. आलेख ठीक आहे, त्याच्यावर ओढलेली रेघ मात्र बिनकामाची आहे. माझी तीस वर्षं पर्जन्यमापकांच्या नोंदी आणि धरणांचा येवा यांच्या हिशेबात गेली. तेवढ्या अनुभवावर सांगतो, की स्कॅटर प्लॉटमधली सर्वांत कमी कामाची गोष्ट म्हणजे कोपऱ्यात छापलेला तो आर-वर्ग. आधी ठिपके बघायचे, मग प्रत्येक ठिपक्याला विचारायचं की बाबा रे, तू कोण, कुठला. आकड्याची पाळी त्यानंतर.

त्याआधी एक घरगुती तपासणी करून घ्या, कारण निम्म्या वेळा घोळ तिथेच असतो. एक्सेलमध्ये तुम्ही 'लाइन' प्रकार निवडलेला नाही ना? त्यात आडव्या अक्षावरचे आकडे नुसती लेबलं म्हणून समान अंतरावर मांडले जातात, म्हणजे १० मीटर, ५० मीटर आणि १३७० मीटर शेजारी शेजारी उभे राहतात. दुसरं, उंचीच्या रकान्यात कुठे 'उ.ना.' (उपलब्ध नाही) किंवा एखादी रेघ टाइप केली आहे का बघा. त्या रकान्यात एका जरी खान्यात अक्षरं असली, तर एक्सेल निमूटपणे सगळ्या उंच्या बाजूला ठेवतो आणि १, २, ३ असे अनुक्रमांक वापरतो. चूक म्हणून काहीच दाखवत नाही. पावसाच्या रकान्यात अक्षरं असली तर तो ठिपका शून्यावर जाऊन बसतो. आडव्या अक्षावरचे आकडे तुमच्या तालुक्यांच्या संख्येच्या आसपासच संपत असतील, तर समजा, हेच झालं आहे.

हे सगळं नीट असेल तर ट्रेंडलाइन पुसून टाका आणि ठिपक्यांना नावं द्या. एक्सेल २०१३ पासून डेटा लेबलमध्ये 'व्हॅल्यू फ्रॉम सेल्स' असा पर्याय आहे, त्यात तालुक्यांच्या नावांचा रकाना दाखवला की झालं. आलेख गिचमिड दिसेल, दिसू दे. हा प्रबंधात छापायचा आलेख नाही, स्वतः समजून घ्यायचा आहे.

तुमचे आकडे माझ्याकडे नाहीत, म्हणून सगळ्यांच्या ओळखीची आठ ठिकाणं घेतो. आकडे ढोबळ आहेत, हिशेबापुरते गोल केलेले. प्रबंधात तुमचे अधिकृत आकडेच वापरा. मुंबईतलं कुलाबा १० मीटर, पाऊस २२०० मिलिमीटर. रत्नागिरी ५० मीटर, ३२००. आंबोली ६९० मीटर, ७०००. महाबळेश्वर १३७० मीटर, ५७००. पाचगणी १२९० मीटर, १७५०. वाई ७२० मीटर, ७५०. पुणे ५६० मीटर, ७२०. सोलापूर ४६० मीटर, ७५०.

या आठांचा आर-वर्ग काढला तर ०.०७ येतो. म्हणजे तुमच्या मार्गदर्शकांच्या भाषेत संबंध नाही. आता नावांसकट ठिपके बघा. आंबोली आणि वाई जवळजवळ सारख्याच उंचीवर, आणि पावसात नऊ-दहा पटींचा फरक. महाबळेश्वर आणि पाचगणी यांच्या उंचीत जेमतेम ८० मीटरचा फरक, रस्त्याने अंतर १९ किलोमीटर, पण पाचगणीचा पाऊस महाबळेश्वरच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. हे दोन ठिपके आलेखात एकाखाली एक उभे आहेत. ज्याने शाळेत भूगोल शिकलाय त्याला पुढचं सांगावं लागत नाही. एक सह्याद्रीच्या कड्यावर आहे, दुसरं पर्जन्यछायेत शिरलेलं. अरबी समुद्रावरून आलेलं बाष्प कड्यावर चढतं, थंड होतं, तिथेच रिकामं होतं. पलीकडे उतरणारी हवा तापत जाते, कोरडी होत जाते. उंची तीच, पण वाऱ्याच्या कुठल्या बाजूला, हे वेगळं.

तर तुमच्या ठिपक्यांच्या घोळक्यात दोन वेगवेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. आता ठिपक्यांना रंग द्या. कोकण आणि घाटमाथा एका रंगात, देश (घाटाच्या पूर्वेचा पठारी भाग) दुसऱ्या रंगात. कुलाबा, रत्नागिरी, आंबोली, महाबळेश्वर एवढे चारच घेतले तर आर-वर्ग ०.५८ होतो. वाऱ्याच्या बाजूला उंचीबरोबर पाऊस वाढतो, पण सरळ रेषेत नाही, कारण महाबळेश्वरच्या निम्म्या उंचीवरची आंबोली त्याच्याही वर आहे. दुसऱ्या गटात, म्हणजे सोलापूर, पुणे, वाई, पाचगणी यांत, आर-वर्ग येतो ०.९२.

इथे हुरळून जाण्याचा मोह होतो, आणि माझ्या पाहण्यातले बरेच प्रबंध नेमके इथेच घसरतात. ०.९२! टेबलात ठळक अक्षरात छापावा असा आकडा. पण ठिपके बघा: सोलापूर, पुणे आणि वाई तिघंही सातशे-साडेसातशेच्या पातळीवर आडवे पसरले आहेत आणि पाचगणी एकटी वर, उजव्या कोपऱ्यात. पाचगणी झाकली की उरलेल्या तिघांचा आर-वर्ग ०.०२ होतो. म्हणजे तो सगळा ०.९२ एकट्या पाचगणीने आणला होता. आणि पाचगणीचा पाऊस जास्त का, तर ती उंच आहे म्हणून तितका नाही, जितका ती कड्याच्या जवळ आहे म्हणून.

फ्रान्सिस ॲन्स्कोम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ साली अकरा-अकरा बिंदूंचे चार संच रचून हेच दाखवलं होतं. चारही संचांची सरासरी सारखी, सहसंबंधांक (ज्याचा वर्ग म्हणजे आर-वर्ग) सारखाच, ०.८१६, रेषेचं समीकरणही तेच, आणि आलेख काढले की चार निराळे चेहरे. त्यातल्या चौथ्या संचात दहा बिंदू एका उभ्या ओळीत आहेत आणि अकरावा एकटा लांब जाऊन बसलाय, त्या एकट्याच्या जिवावर अख्खी रेघ तिरकी झाली आहे. आपली पाचगणी म्हणजे तो अकरावा बिंदू. ॲन्स्कोमचं उदाहरण हल्ली सगळे देतात, पण 'आकडा मोठा तरी फसवा' एवढीच अर्धी बाजू सांगून थांबतात. तुमच्या बाबतीत आकडा लहान आहे आणि संबंध भक्कम आहे. फसवणूक दोन्हीकडून होते.

आता दुसरा स्कॅटर प्लॉट काढा, माझ्या मते तुमच्या प्रबंधातला मुख्य आलेख हाच व्हायला हवा. आडव्या अक्षावर घाटमाथ्याच्या कड्यापासून पूर्वेला अंतर, उभ्या अक्षावर पाऊस. फक्त घाटमाथ्यावरचे आणि देशावरचे तालुके घ्या, कोकण नको. अंतर हवाई मोजा, रस्त्याचं नको, नाहीतर पसरणी घाटाच्या वळणांनी वाई उगाचच लांब जाईल. या आलेखात ठिपके धबधब्यासारखे खाली येताना दिसतील. पहिल्या वीस-तीस किलोमीटरमध्ये कोसळतात आणि मग पार सोलापूरपर्यंत जवळजवळ सपाट. यावर सरळ रेघ ओढणं म्हणजे वळणाच्या ओढ्यावर फूटपट्टी ठेवणं. उभा अक्ष लॉग मापावर करून बघा. त्यावर ७५० ते १५०० आणि ३००० ते ६००० ही दोन्ही अंतरं सारखी दिसतात, दोन्हीकडे दुपटीचा फरक असल्यामुळे. मग एकटं महाबळेश्वर सगळी जागा खात नाही आणि खालच्या तालुक्यांमधला फरकही नजरेला पडतो. प्रबंधाच्या वाचकाला लॉग अक्षाची सवय नसेल, तर खाली एका वाक्यात सांगा, लाजू नका. आणि एखादा सहसंबंधांक द्यायचाच असेल, तर स्पिअरमनचा क्रमांकांवर आधारित गुणांक द्या. त्याला संबंध सरळ रेषेतच हवा असा हट्ट नसतो, क्रम जुळला की पुरे.

एक शंका मला तुमच्या मूळ विदेबद्दलच (म्हणजे डेटाबद्दलच) आहे. 'तालुका' हे एकक. मुळशी तालुक्याच्या पश्चिमेला ताम्हिणी आहे आणि पूर्वेला पिरंगुट. ताम्हिणीला पावसाळ्यात उभं राहून बघा आणि त्याच दुपारी पिरंगुटला या, छत्री मिटवावी लागेल अशी शक्यता बरीच. मग 'मुळशीचा सरासरी पाऊस' म्हणून तुमच्या आलेखात जो एक ठिपका बसलाय, तो कुठल्या गावचा? आणि उंची कुठली घेतलीत, पौडची की साऱ्या तालुक्याची सरासरी? पाऊस एका जागेचा आणि उंची दुसऱ्या जागेची असेल, तर तो ठिपका कुणाचाच नाही. शक्य असेल तर तालुक्यांच्या जागी पर्जन्यमापक केंद्रं घ्या. प्रत्येक केंद्राचं अक्षांश-रेखांश असतं, त्यावरून त्या जागेची उंची काढता येते. कष्ट जास्त आहेत, पण मग प्रत्येक ठिपका खरोखर एका जागेवर उभा असेल. आणि सरासरीच्या ठिपक्यांवरून गावाबद्दल विधान करायचं नाही, हे पथ्य कायम पाळा. तालुक्यांच्या सरासऱ्यांत दिसलेला संबंध गावांच्या पातळीवर फिका पडतो, कधी उलटाही होतो.

केंद्रांचे आकडे घ्याल तेव्हा आलेख आणखी एका कामाला येईल, आणि माझ्या लेखी त्याचा खरा धंदा तोच. चुका पकडणं. शेजारच्या दोन केंद्रांचा महिनावार पाऊस एकमेकांसमोर मांडायचा, एक आडव्या अक्षावर, एक उभ्या. ठिपके कर्णाच्या आसपास पसरायला हवेत. एकदा मी असा आलेख काढला तर ठिपक्यांचे दोन पट्टे दिसले. एक कर्णाजवळ, दुसरा अगदी खाली, आडव्या अक्षाला जवळजवळ लागून, पण नीट रेषेत. आधी वाटलं, एखादं यंत्र बिघडलं असेल. मग खालच्या पट्ट्याचा उतार मोजला, तर साधारण पंचविसात एक. उलगडा तिथेच झाला. जुन्या नोंदवहीतले आकडे इंचात होते, टाइप करणाऱ्याने मिलिमीटरच्या रकान्यात तसेच उतरवले होते. एका इंचात २५.४ मिलिमीटर. सरासरी आणि प्रमाण विचलन यांकडे आम्ही त्याआधी दोन महिने बघत होतो, शंकासुद्धा आली नव्हती.

असे आणखी दोन नमुने ओळखून ठेवा. बरेच ठिपके अक्षाला चिकटून ओळीने बसले असतील, तर बहुधा कुणीतरी 'नोंद नाही' याच्या जागी शून्य लिहिलं आहे. जुलैत घाटमाथ्यावर महिनाभर शून्य पाऊस, हे कसं शक्य आहे? आणि ठिपके आडव्या पट्ट्यांत, समान अंतरावर दिसले, तर निरीक्षक पाच-दहाच्या पटीत गोल करून लिहित होता. त्याला दोष देत नाही, भर पावसात कंदील घेऊन मापक वाचायला जाणाऱ्याने दशांशापर्यंत लिहावं अशी अपेक्षा खुर्चीत बसून करणं सोपं असतं. तुम्हाला मात्र ते माहीत हवं.

आलेखात न आलेल्या ठिपक्यांचा विचार करणं सर्वांत अवघड, कारण ते दिसतच नाहीत. याचं सर्वांत दुःखद उदाहरण अमेरिकेतलं आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी हवेतच फुटलं, सातही अंतराळवीर गेले. कारण होतं बूस्टर रॉकेटच्या सांध्यातली रबरी कडी, जी थंडीत कडक होऊन सांधा नीट बंद करू शकली नाही. आदल्या रात्री अभियंत्यांनी थंडीची भीती बोलून दाखवली होती. पण चर्चा ज्या उड्डाणांत कड्यांना इजा झाली होती त्यांच्याभोवती फिरली. ती सात उड्डाणं ५३ अंश फॅरनहाइटपासून ७५ अंशांपर्यंत पसरलेली होती. गारव्यातही इजा, उबेतही इजा, मग तापमानाचा काय संबंध, असं वाटणं स्वाभाविक होतं. नंतर नेमलेल्या रॉजर्स आयोगाने इजा न झालेली उड्डाणंही त्याच आलेखावर मांडून दाखवली, आणि चित्र पालटलं. इजा न झालेली सगळी उड्डाणं ६५ अंशांच्या वर होती. त्याखालच्या चारही उड्डाणांत इजा झालेली होती, वरच्यांत फक्त तीनांत. अपघाताच्या सकाळी तापमान होतं साधारण ३६ अंश, म्हणजे आधीच्या सर्वांत थंड उड्डाणापेक्षाही बरंच डावीकडे, जिथे आलेखात एकही ठिपका नव्हता.

तुमच्या विदेत असे गैरहजर ठिपके कुठे असतील? पर्जन्यमापक जिथे माणूस रोज पोचू शकतो तिथे बसवले जातात: तालुक्याचं गाव, धरणाची वसाहत, कृषी केंद्र. ऐन कड्यावरची, दाट जंगलातली, पावसाळ्यात रस्ता बंद होणारी ठिकाणं यादीत कमीच असणार. म्हणजे ज्या टोकाला पाऊस सर्वांत जास्त, तिथेच ठिपके विरळ. प्रबंधात तसं सरळ लिहा. आणि जिथे ठिपके नाहीत त्या उंचीपर्यंत रेघ वाढवून अंदाज देऊ नका. एक्सेलमध्ये ट्रेंडलाइन पुढे ढकलण्याची सोय आहे म्हणून ती वापरलीच पाहिजे असं नाही.

ठिपके फार झाले तर काय, हेही तुम्ही जाता जाता विचारलं आहे. शे-दोनशे केंद्रांना काही होत नाही. ठिपके लहान करा, आतून पोकळ ठेवा किंवा रंग थोडा पारदर्शक करा, म्हणजे ठिपक्यावर ठिपका बसला की तिथे गडद दिसेल. रोजच्या पावसाचे हजारो ठिपके असतील, तर मग चौकटी पाडून प्रत्येक चौकटीत किती ठिपके पडले ते मोजा. ही युक्ती जुनीच आहे. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये २०५ आई-वडिलांच्या जोड्या आणि त्यांची ९२८ मोठी झालेली मुलं यांच्या उंच्या मांडल्या, तेव्हा चौकटींत आकडेच लिहिले होते. त्या आकड्यांकडे बघताना त्याला लंबवर्तुळं दिसली, आणि 'रिग्रेशन' हा शब्द संख्याशास्त्रात आला तो तिथून. स्त्रियांची उंची तो १.०८ ने गुणून घेत असे, म्हणजे दोन गट सरळ मिसळले तर चित्र गढूळ होतं, हे त्याच्याही लक्षात होतं. गाल्टनच्या बाकीच्या, म्हणजे सुप्रजननाबद्दलच्या, मतांबद्दल मला प्रेम नाही, पण कागदावर आकडे मांडायचं त्याचं कसब मान्य करावं लागतं.

मांडणीबद्दल फार लिहीत नाही. ज्याचा परिणाम होतो असं मानताय ते आडव्या अक्षावर, ज्याच्यावर होतो ते उभ्यावर. अक्षांवर एककं लिहाच. उभा अक्ष शून्यापासून सुरू झालाच पाहिजे हा नियम स्तंभालेखाचा, इथे त्याची सक्ती नाही. मार्गदर्शकांनी सुचवलेला स्तंभालेख मात्र नको. त्यात तालुके ओळीने उभे राहतील, पाऊस दिसेल, पण उंची कुठे दाखवणार? दोन चलांचा संबंध दाखवायला दोन अक्ष लागतात, एका अक्षावर तो मावत नाही. त्यांना भेटायला जाताना वाद घालत बसू नका. नावं लिहिलेला, दोन रंगांचा आलेख छापून न्या आणि महाबळेश्वर-पाचगणीच्या दोन ठिपक्यांवर बोट ठेवा. भूगोलाचा माणूस आहे, पुढचं तेच बोलतील.

आलेखाखालच्या ओळीत 'उंची व पर्जन्य यांचा सहसंबंध' असं मोघम लिहू नका. मी असतो तर असं लिहिलं असतं: "कोकण व घाटमाथ्यावरील केंद्रांत उंचीबरोबर पाऊस वाढतो. देशावरील केंद्रांत पाऊस उंचीपेक्षा कड्यापासूनच्या अंतराशी अधिक निगडित आहे. कड्यालगतची केंद्रे कमी आहेत." आर-वर्ग द्यायचाच असेल तर प्रत्येक गटाचा वेगळा द्या, शेजारी ठिपक्यांची संख्या लिहा, आणि पाचगणी धरून किती, वगळून किती, हे दोन्ही द्या. केंद्रनिहाय आकडे मिळाले की रकाने इथे टाका. इंचांचा घोळ आहे का, ते मी बघून देईन.